दुधाचे फुसके बार

आमच्या आजीला गप्प बसलेली मी आयुष्यात दोनदाच पाहिली. दोन्ही वेळा तिच्या डाव्या गालात काहीतरी होतं.

पहिली वेळ १९८३ च्या मे महिन्यातली. आम्ही गोव्यातल्या शिवोलीचे. आमच्या घरामागे काजूची चार झाडं आणि पलीकडे तारवट्याचं घर. तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. गोव्याबाहेर हा शब्द समजावून सांगावा लागतो. आमच्या बार्देस तालुक्यात मात्र प्रत्येक वाड्यावर एखादा तरी असतोच. आमचा शेजारी मालवाहू बोटीवर होता. नऊ-दहा महिने पाण्यावर, मग दोन महिने घरी. तो आलाय हे आम्हां पोरांना आधी वासावरून कळायचं. त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दाराबाहेरच्या ओसरीवर, उघडलेल्या बॅगेतून परदेशी साबणाचा वास निघायचा आणि वाऱ्याबरोबर काजूंच्या झाडांतून आमच्या खळ्यात यायचा. मग आम्ही काहीतरी निमित्त काढून तिकडे जायचो. मिरच्या मागायला, नाहीतर मांजर शोधायला. मांजर आमचं नव्हतंच.

त्या वर्षी बॅगेतून एक पिवळा खोका निघाला. अंकलची बोट अमेरिकेत ह्यूस्टनला लागली होती, तिथे घेतलेला. आंटीनं तो उघडून बशीवर उलटा केला. काहीच पडेना. हलवला, तळाशी टिचक्या मारल्या, तरी नाही. शेवटी पुठ्ठाच टराटरा फाडला, तेव्हा आतून खोक्याच्याच आकाराचा एक तपकिरी ठोकळा निघाला. मुळात त्या सुट्या गोळ्या होत्या. विमानानं मुंबई, मग रात्रभर बसच्या टपावर आणि दुसऱ्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात म्हापशाचा स्टँड, एवढा प्रवास करून त्या एकमेकींत विरघळून गेल्या होत्या. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. चॉकलेट जिभेवर ठेवताच पाघळतं त्याचं सगळं श्रेय या आकड्याला, आणि आमच्या मे महिन्यात ते टिकत नाही याचा दोषही त्यालाच.

आंटी डगमगली नाही. आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्याला खोबरेल पुसलं आणि नारळाची कातळी काढावी तसे त्या ठोकळ्याचे काप काढले. आम्हांला दोन-दोन मिळाले. कापात बाहेरून काळपट पट्टे आणि मध्ये मधाच्या रंगाचा गर. ‘चाबूं नाका गो, चोखून खा’ असं आंटी सांगत होती, पण आमची तोंडं तोवर बंद झाली होती. दोन जबडे एकमेकांना चिकटले की माणूस डोळ्यांनी बोलायला लागतो. आम्ही भावंडं बाल्कांवात एका ओळीत बसून कितीतरी वेळ नुसत्या डोळ्यांनी बोलत होतो.

उरलेला तुकडा आंटीनं केळीच्या पानात गुंडाळून घरी दिला. आजीनं तो उजेडात धरला. वर पांढुरकी बुकटी दिसत होती. ‘बूर आयला. उडय तें भायर.’ तिचा निकाल लागला. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेपासून पोथीपर्यंत सगळ्याला बूर येतो, त्यामुळे बुरशी ओळखण्यात आजीचा हात कुणी धरला नसता. इथे मात्र ती चुकली होती. चॉकलेट एकदा वितळून पुन्हा कसंही गोठलं की त्यातली चरबी वेगळ्या घडणीच्या स्फटिकांत बसते आणि हळूहळू पृष्ठभागावर येऊन पांढरी दिसते. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकतं. त्यातल्या पाचव्या तऱ्हेलाच ती चकाकी आणि तो कुडुम आवाज असतो. कारखान्यात चॉकलेट ठरावीक अंशांवर तापवत-निववत ठेवतात ते तिला पकडण्यासाठी. बसच्या टपावर तेवढी काळजी कोण घेणार? बुरशी नव्हती, नुसती घडी विस्कटली होती. पण हे मला कळलं त्याला अजून वीस वर्षं होती, आणि कळलं असतं तरी आजीला सांगायची माझी छाती झाली नसती.

बुरशी हे अर्धंच कारण होतं, हेही सांगायला हवं. आजीचं सोवळं होतं. शेजारच्या घराशी तिचं भांडण मुळीच नव्हतं. आंटीच्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसली होती ती. केळी, नारळ, तांदूळ यांची देवघेवही चालायची. पण त्या चुलीवर शिजलेलं तिच्या तोंडात गेलेलं नव्हतं. नाताळात तिकडून ताट यायचं, त्यावर आई क्रोशाचा रुमाल तसाच ठेवून ते आम्हां मुलांकडे सरकवायची, आणि आजी त्या वेळी नेमकी तुळशीकडे काहीतरी करत असायची. गणेश चवथीला आमच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तिकडे जायच्या आणि त्या लगेच खाल्ल्या जायच्या. हा हिशोब एकतर्फी आहे हे दोन्ही घरांना माहीत होतं. कुणी बोलायचं नाही.

तर तो तुकडा बाहेर टाकायला म्हणून आजी घेऊन गेली. दुपारी मी पाणी प्यायला उठले तेव्हा ती सोप्यावर भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले, डावा गाल सुपारीएवढा फुगलेला. आजीला दात नव्हते. कवळी करून आणली होती, पण ती फडताळात डब्यात असायची. मी ‘आजी’ म्हणून हाक मारली. तिनं एक डोळा उघडला, मला पाहिलं, आणि मिटला. एरवी दुपारी झोपेतून उठून हिंडणाऱ्या पोरीला तिनं सोडलं नसतं. त्या दिवशी ती बोलू शकत नव्हती. घरात तो गोड पदार्थ जसा खायला हवा तसा खाणारी एकटी तीच होती. आम्ही दात लावून त्याच्याशी झुंजलो. तिनं तो गालात ठेवला आणि जपाला बसावं तशी बसून राहिली.

नंतर आईनं हळूच विचारलं, तेव्हा म्हणाली की ते यंत्रानं केलेलं असतं, त्याला कुणाचा हात लागत नाही. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्या खोक्यावरचं नाव मी मोठेपणी वाचलं. मिल्क डड्स. अमेरिकेतली जुनी गोळी आहे ही, १९२८ सालची, शिकागोच्या एफ. हॉफमन आणि कंपनीची. पुढे मिल्टन हॉलोवेनं ती चालवली आणि आता हर्शी या चॉकलेट कंपनीकडे आहे. नावाची कथा मला फार आवडते. कॅरमलची, वरून चॉकलेट चढवलेली, अगदी वाटोळी गोळी करायची होती. ती काही केल्या वाटोळी होईना. कुठे चपटी, कुठे पोचा आलेली. तेव्हा त्यांनी तिचं नावच ‘डड्स’ ठेवलं, म्हणजे फसलेल्या. दूध भरपूर म्हणून पुढे मिल्क. मराठीत म्हणायचं तर दुधाचे फुसके बार. दिवाळीत नरकासुर जाळायच्या पहाटे वात पेटवून पळत सुटावं, कानांत बोटं घालून थांबावं आणि काहीच होऊ नये, तसला. आपल्याकडे एखाद्या मिठाईवाल्यानं लाडू चपटे झाले म्हणून पाटीवर ‘बसके लाडू’ लिहिलं असतं का? त्यानं ते मोडून पुन्हा वळले असते.

ती वाटोळी का होत नव्हती, याचं उत्तर माझ्या मते आपल्या संक्रांतीच्या हलव्यात आहे. हलवा कसा करतात ते आठवा. परातीत तीळ, खाली मंद आच, चमचा-चमचा पाक आणि बोटांनी सतत फिरवणं. पाकाचा एकेक थर तिळावर चढत जातो. चॉकलेटच्या गोळ्यांचंही तसंच, फक्त परातीऐवजी तिरकं फिरणारं मोठं भांडं आणि पाकाऐवजी पातळ चॉकलेट. पण हलव्याच्या पोटात तीळ असतो, टणक. तो आपला आकार सोडत नाही. इथे पोटात मऊ कॅरमल. ते स्वतःच्याच वजनानं बसतं आणि वरचा थर बिचारा त्याच्यामागे जातो. हलव्याला काटा आला की आमच्याकडे कौतुक व्हायचं, हेही इथे नोंदवून ठेवते. त्या लोकांना हलवा दाखवायला हवा होता.

अशा गोळ्यांना शेवटी चकाकी यावी म्हणून लाखेचा हात देतात. लाख म्हणजे तीच, कुसुम-पळसाच्या फांद्यांवर किडा करतो ती, जी आपल्याकडे झारखंडात सर्वांत जास्त होते आणि सोनार पोकळ दागिन्यात भरतात. आजीच्या पाटल्यांत लाख होतीच. गालातही गेली असेल तर तिनं ती कुठल्या सोवळ्यात बसवली असती, हे विचारायचं राहून गेलं.

आता आतल्या गराबद्दल. आपण ज्याला कॅरमल म्हणतो त्यातली साखर खरं तर जळलेली नसते. नुसती साखर तापवून तांबूस व्हायला १६० अंशांच्या वर जावं लागतं. चिवट कॅरमलचा पाक ११८-१२० अंशांवरच उतरवतात. म्हणजे आपला गोळीबंद पाक: पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की बोटांत गोळी धरते तो. मग रंग आणि वास कुठून येतो? दुधातून. दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की जो तांबूसपणा येतो त्याला मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्यानं तो १९१२ मध्ये मांडला. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंग तोच, पोळीवरचे डागही तेच. चिवटपणा मात्र उरलेल्या पाण्यावर ठरतो. चार अंश आधी उतरवलं तर गोळी बशीत पसरते, पंधरा-वीस अंश पुढे गेलं तर दात कामाला लागतो, दीडशेच्या आसपास ती दाताखाली फुटते. साखर पुन्हा कणीदार होऊ नये म्हणून ग्लुकोजचा चीक घालतात. एवढंच. दूध, साखर, चीक, थोडी चरबी, आणि नेमक्या क्षणी आचेवरून खाली उतरवण्याची अक्कल. मी घरी तीनदा केलं. दोनदा बशीत पसरलं आणि एकदा बशीला असं बसलं की बशीच गेली.

आपल्या मराठीत या सगळ्याला एकच शब्द आहे, चॉकलेट. शाळेत वाढदिवसाला वाटायचं ते चॉकलेट, मग ते रावळगावची संत्र्याची गोळी का असेना. वाण्याच्या बरणीत एक्लेअर्स आली तेव्हा मात्र माझा गोंधळ उडाला. त्यात कॅरमल बाहेर आणि चॉकलेट आत! मेलडीचंही तसंच. मी आंटीच्या खोक्यातला ठोकळा चाखलेली मुलगी; माझ्या लेखी हे कुणीतरी सदरा उलटा घालून आल्यासारखं होतं. आज वाटतं, उलटा कसला, आपल्या हवेत हाच सुलटा. ३४ अंशांना वितळणारी वस्तू बाहेर ठेवून तिला वाण्याच्या बरणीत उन्हात उभी करण्यापेक्षा आत कोंडलेली बरी. बाहेरचं कॅरमल कागदाला चिकटतं, हे खरं. तो चिकटलेला कागद नखानं सोलत बसण्यात माझी निम्मी प्राथमिक शाळा गेली, पण त्याची तक्रार नाही.

अमेरिकेत या गोळ्यांचं घर म्हणजे सिनेमाचं थिएटर. अंधारात खोका मांडीवर ठेवायचा आणि एकेक काढायची. आम्ही म्हापशाच्या अलंकारमध्ये कागदाच्या पुडीतले चणे-शेंगदाणे घेऊन बसायचो, आणि मारामारी आली की पुडी सांडायची. चिवट गोळी थिएटरसाठी नामी हे मात्र मान्य. तोंड बंद राहतं. पणजीत चित्रपट महोत्सवाला माझ्या मागच्या रांगेत बसून पुढे काय होणार ते सांगणाऱ्यांना दारातच वाटायला हवी.

काही वर्षांपूर्वी भाचा अमेरिकेतून आला तेव्हा मी मागवलेला तो पिवळा खोका घेऊन आला. डिसेंबर होता, घरापर्यंत गाडीत थंड हवा; गोळ्या सुट्या, एकेक वेगळी, बशीत खडखडत पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या करणाऱ्याच्या मनात होत्या तशा पाहिल्या. वाटोळ्या नव्हत्या हे पाहून बरं वाटलं. खाल्ल्या, आणि काय सांगू, मन भरलं नाही. आधी जिभेला एक मेणचट थर लागला, मग कॅरमल. २००८ मध्ये कंपनीनं या गोळ्यांच्या आवरणातलं कोको बटर काढून वनस्पती तेलं घातली आणि तिथल्या नियमाप्रमाणे खोक्यावर मिल्क चॉकलेट म्हणायची सोयही गेली, हे मी नंतर वाचलं. पण खापर सगळं तेलावर फोडणं बरोबर नाही. मला हवा होता तो काप: आदोळीवर कापलेला, खोबरेलाचा पुसट वास असलेला, ज्यात आत आणि बाहेर यांची सीमा उन्हानं पुसली होती. माझ्यासाठी मूळ पदार्थ तो होता. सुटी गोळी त्याची नक्कल. भाच्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, मग उन्हात ठेव ना मावशी. मी ठेवल्या. मुंग्या आल्या.

हे सगळं मी आंटीला सांगितलं तेव्हा ती दोदोल हलवत होती. वय झालंय, आता हलवायला मुलगा बसतो आणि ती खुर्चीवरून शिव्या देते. त्या दिवशी मात्र दवलो, म्हणजे ढवळायचा डाव, तिच्याच हातात होता. दोदोल म्हणजे नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि माडाचा काळा गूळ. माडावर चढणारा रेंदेर सूर, म्हणजे माडी, काढतो, तिची आटवून केलेली शंकूच्या आकाराची ढेप असते, ती. हल्ली माडावर चढणारे उरले नाहीत, त्यामुळे खरा गूळ ओळखीनंच मिळतो. भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, सगळं एकत्र घालून तास न् तास हलवायचं. आधी खीर असते, मग पिठलं, मग दवलो ओढायला दोन हात लागतात, आणि शेवटी कडेनं तेल सुटायला लागतं. ते सुटलं की उतरवायचं. इथे तापमापक नाही, पाण्याची वाटी नाही. खांदा दुखायला लागला की झालं, असं आंटी सांगते. ताटात थापून निवल्यावर कापतात तेव्हा काळा, चकचकीत, थरथरता काप निघतो. कॅरमल चिवट होतं ते दुधानं आणि पाकानं. दोदोल तांदळाच्या पिठानं. पण डोळे मिटून खा, दोघं मावसभाऊ वाटतात.

आंटीची मुलगी टोरांटोला असते. तिला एकदा पार्सल पाठवलं होतं. आठ-दहा दिवसांनी फोन आला, की आई, दगड झालाय, सुरी मोडेल. आंटी दुखावली, तिला वाटलं गूळ भेसळीचा लागला. तसं नव्हतं. खोबऱ्याचं तेल २४ अंशांच्या खाली गोठतं. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं तेल पांढरं होतं आणि नऊ वाजता उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ. तिथे पार्सल दारात पडून होतं, बर्फात. मी हे आंटीला समजावलं आणि दोदोल वाटीत ठेवून कोमट पाण्यावर धरायला मुलीला कळवलं. धरल्यावर जमलं म्हणे. आंटी म्हणाली, तो ह्यूस्टनचा खोका इथे येऊन पाघळला आणि माझं दोदोल तिथे जाऊन थिजलं. मग तिनं दवलो माझ्या हातात दिला आणि आत चहा टाकायला गेली. मी हलवत बसले, आणि मला आजीची दुसरी वेळ आठवली.

त्याच वर्षाचा, १९८३ चा नाताळ. ताट आलं. क्रोशाचा रुमाल, खाली नेवऱ्या, दोस म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या वड्या, बेबिंक या थराथराच्या केकचा एक तुकडा आणि दोदोलचे चार काप. आईनं नेहमीप्रमाणे ते आमच्याकडे सरकवलं. आजी नेहमीप्रमाणे तुळशीकडे होती. पण या वेळी तिथे तिला काही सुचत नसावं, कारण ती लगेच परत आली. ताटाजवळ उभी राहिली. दोदोलच्या कापाकडे बोट केलं. काळा, तेलकट, खोक्यातल्या त्या ठोकळ्यासारखाच दिसत होता तो, हे नाकारता येत नव्हतं.

‘हें तें तारवावयलेंच मगो?’ तिनं आईला विचारलं. म्हणजे, बोटीवरून आलेलंच ना हे?

आईनं क्षणभर ताटाकडे पाहिलं. तारवटी तेव्हा कुठल्या तरी समुद्रात होता, मार्चपर्यंत यायचा नव्हता. आदल्या दिवशी सकाळपासून शेजारच्या अंगणातून गुळाचा वास येत होता, आणि त्याबद्दल बोललेलं माणूस आजीच होतं.

‘हय,’ आई म्हणाली, ‘तेंच.’

आजीनं सगळ्यांत लहान काप उचलला, डाव्या गालात ठेवला आणि सोप्यावर जाऊन भिंतीला टेकून बसली.